तोंड पॅरिसमध्ये, घसा जर्मनीत

फ्रान्सच्या सीमेला खेटून जर्मनीच्या झारलांड प्रांतात बेरूस नावाचे गाव आहे. गावाजवळच्या पठारावर एक प्रचंड दालन उभे आहे. शिंपल्यासारखे वाकलेले काँक्रीटचे छत, भोवती काचेच्या भिंती आणि आत सुमारे ऐंशी मीटर लांबीच्या जागेत एकही खांब नाही. छत तोलले आहे ते काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारांनी. वास्तुरचना जां-फ्रांस्वा गेदी यांची. छताच्या बांधणीत अडचण आली, तेव्हा अशा ताणलेल्या काँक्रीटचे आद्य जाणकार युजेन फ्रेसिने यांना बोलावणे धाडले गेले. प्रथम पाहणाऱ्याला हे चर्च वाटते, नाहीतर एखादा छोटा विमानतळ. प्रत्यक्षात ही रेडिओच्या यंत्रांची खोली आहे. 1955 पासून 2019 संपेपर्यंत इथून फ्रेंच भाषा आभाळात सोडली जात होती.

गंमत अशी की या दालनात कधी कोणी बोलायला येत नसे. बोलणारे सगळे पॅरिसमध्ये, शाँझेलिझेजवळच्या र्यू फ्रांस्वा प्रमिए या रस्त्यावर. त्यांचा आवाज तारेवरून तीनशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून सीमेपलीकडे जाई, तिथे त्याला शेकडो किलोवॅटचे बळ मिळे, आणि तो उलट फिरून फ्रान्सच्या स्वयंपाकघरांत शिरे. तोंड पॅरिसमध्ये, घसा जर्मनीत. स्टेशनचे नाव ‘युरोप नंबर वन’, पुढे नुसतेच ‘युरोप वन’.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, याचे उत्तर फ्रान्सच्या कायद्यात आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथे खासगी रेडिओ भरपूर होते. युद्धात त्यातले काही जर्मनांच्या आणि त्यांच्याशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारच्या दिमतीला लागले. मुक्तीनंतर, मार्च 1945 मध्ये, सरकारने सगळे खासगी परवाने रद्द केले आणि ध्वनिलहरींची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. पण लहरींना जकातनाका नसतो. लाँग वेव्ह जमिनीला धरून शेकडो किलोमीटर जाते. मनोरा फ्रान्सच्या भूमीवर नसला की फ्रान्सचा कायदा त्याला लागू होत नाही, आणि मनोऱ्याचे तोंड फ्रान्सकडे वळवायला कोणाची हरकत नाही. लक्झेंबर्ग, मोनाको, अँडोरा अशा चिमुकल्या शेजाऱ्यांकडे असे मनोरे उभे राहिले. फ्रेंच लोक त्यांना परिघावरचे रेडिओ म्हणत. युरोप वन त्यातले उशिरा आलेले, आणि सगळ्यात उपद्व्यापी.

हा इतिहास सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. सरकारने गळा दाबला, स्वातंत्र्य सीमा ओलांडून पळाले आणि तिथून बोलत राहिले. गोष्ट ऐकायला छान आहे आणि मला ती अजिबात पटत नाही. पॅरिसहून बेरूसला जाणारी तार कोणाची होती? फ्रेंच टपाल-तार खात्याची. सरकारच्या मनात आले असते तर एका कारकुनाने एक खिट्टी काढली असती आणि बेरूसच्या भव्य दालनात शांतता पसरली असती. शेअर कोणाचे होते? एक-तृतीयांशाहून काहीसे जास्त भांडवल ‘सोफिराद’ या कंपनीकडे होते आणि मतांचा वाटा त्याहूनही मोठा होता. सोफिराद ही फ्रेंच सरकारची कंपनी, आणि तिचा जन्म 1942 चा, म्हणजे व्हिशीच्या राजवटीतला. ज्या सरकारच्या मक्तेदारीला बगल देण्यासाठी मनोरा परमुलखात उभा केला, तेच सरकार मनोऱ्याचे भागीदार होते. पळालेल्या स्वातंत्र्याच्या कमरेला दोरी होती आणि दोरीचे टोक पॅरिसच्या मंत्रालयात होते.

तरीही हे स्टेशन सरकारीपेक्षा मोकळे होते, यात शंका नाही. तो मोकळेपणा आला कुठून, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की तो सीमेमुळे आला नाही आणि खासगी मालकीमुळेही आला नाही. स्टेशनला एकाहून जास्त धनी होते आणि त्या धन्यांचे एकमेकांशी पटत नव्हते, म्हणून मधे जागा उरत होती.

सुरुवातीपासून पाहू. कल्पना शार्ल मिशेल्सन यांची. जन्माने रुमानियन, टँजियरच्या रेडिओचा अनुभव गाठीशी. झार, म्हणजे आजचा झारलांड प्रांत, तेव्हा धड जर्मनीत नव्हता, धड फ्रान्समध्येही नव्हता. फ्रान्सच्या छत्राखालचा, स्वतःचे सरकार असलेला मुलूख. कायद्याच्या अशा संधिप्रकाशात मनोरा उभारणे सोपे जाते. 1 जानेवारी 1955 ला आवाज सुटला खरा, पण युरोपच्या तरंगवाटपात या स्टेशनला जागाच नव्हती. इतरांच्या लहरींवर पाय पडू लागले, तक्रारी झाल्या, सुरुवातीचे महिने त्या भांडणात गेले. पैसाही संपत आला. त्याच वर्षी सिल्वां फ्लोआरा या उद्योगपतीने सूत्रे हाती घेतली. विमाने, वाहने, पुढे क्षेपणास्त्रे बनवणारी मात्रा कंपनी असा त्यांचा पसारा.

23 ऑक्टोबर 1955 ला झारच्या मतदारांनी त्यांच्यासाठी आखलेला ‘युरोपीय’ दर्जा साफ नाकारला आणि 1957 च्या पहिल्या दिवशी तो मुलूख पश्चिम जर्मनीत सामील झाला. मनोरा मात्र जागचा हलला नाही. म्हणजे मनोरा न हलता त्याचा देश बदलला. पश्चिम जर्मनीत तेव्हा आणि पुढे जवळजवळ 1984 पर्यंत खासगी नभोवाणीला थाराच नव्हता. तरी तिच्या भूमीवर एक खासगी स्टेशन अहोरात्र बोलत होते, शेजाऱ्यांच्या भाषेत.

आता आत काय चालले होते ते. सूत्रधार होते लुई मेर्लां. रेडिओ लक्झेंबर्गमधून आलेले, जाहिरातीच्या धंद्यात मुरलेले. त्यांनी केलेला एक बदल आज इतका सवयीचा झाला आहे की तो बदल होता हेच कळत नाही. तोवर फ्रेंच रेडिओवर निवेदक असे. खर्जातला आवाज, निर्दोष उच्चार. बातमी कोणीतरी दुसऱ्याने लिहिलेली, याने ती पोथी वाचल्यासारखी वाचायची. मेर्लां यांनी निवेदकाला रजा दिली. गाण्यांच्या मधे बोलणारा माणूस गप्पा मारू लागला. बातमी ज्याने आणली त्यानेच ती सांगायची ठरले. अडखळला तर अडखळला. दूरचित्रवाणीचे पहिले फ्रेंच बातमीपत्र काढणारे पिएर साबाग आले, मॉरिस सिगेल आले, आणि पत्रकारांच्या खांद्याला ‘नाग्रा’ आला. स्टेफान कुडेल्स्की या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने स्वित्झर्लंडमध्ये 1951 साली बनवलेला हा फितीचा यंत्रसंच एका माणसाला उचलून नेता येत होता. त्याआधी आवाज टिपायचा म्हणजे गाडीभर सामान लागे. आता पत्रकार कारखान्याच्या दारात जाऊन कामगाराच्या तोंडून ऐकवू लागला. त्या कामगाराच्या बोलीतला गावठी हेल, मागचा ट्रकचा आवाज, मधेच आलेला खोकला, सगळे तसेच हवेवर.

ही क्रांती कोणा स्वातंत्र्यवीराने केली नाही. ती साबण विकणाऱ्यांनी केली. जाहिरातदाराला कान हवे होते, कानांना ताजी बातमी हवी होती, आणि ती सरकारी रेडिओच्या आधी दिली तर कान आपल्याकडे वळत होते. आपल्याकडे, विशेषतः आम्हा वैचारिक लेख लिहिणाऱ्यांत, जाहिरात म्हटली की नाक मुरडायची चाल आहे. मीही मुरडतो. पण जाहिरातदार हा विचित्र धनी असतो. तुम्ही काय बोलता याच्याशी त्याला देणेघेणे नसते, किती जण ऐकतात एवढेच तो मोजतो. सरकारचे नेमके उलट. किती ऐकतात याची फिकीर नाही, बोलता काय ते सांगा. दोघे एकाच घरात मालक म्हणून राहिले की मधल्या बोळात पत्रकाराला उभे राहायला जागा मिळते.

त्यात ट्रान्झिस्टर आला. पन्नाशीचे दशक संपता संपता रेडिओ दिवाणखान्यातल्या फळीवरून उतरला आणि खिशात, सायकलच्या हँडलला, पोरांच्या उशाशी गेला. एप्रिल 1961 मध्ये चार फ्रेंच सेनापतींनी अल्जिअर्समध्ये बंड केले. 23 तारखेच्या रात्री राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचे भाषण बराकीतल्या सक्तीच्या सैनिकांनी ट्रान्झिस्टरवर ऐकले, आपल्या वरिष्ठांचे ऐकायचे नाही हे ठरवले, आणि बंड चार दिवसांत विरले. पुढे या घटनेला ट्रान्झिस्टरचा विजय असेच म्हटले गेले. या विजयात द गॉल लाभार्थी होते हे ध्यानात ठेवू.

दुसरीकडे 1959 च्या ऑक्टोबरात युरोप वनवर ‘सॅल्यू ले कोपँ’ हा कार्यक्रम सुरू झाला होता. दानिएल फिलिपाक्की आणि फ्रँक तेनो ही जाझवेडी जोडी, वेळ पोरे शाळेतून घरी येतात ती. 22 जून 1963 ला या नावाच्या मासिकाच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त पॅरिसच्या नासिओं चौकात मोफत जलसा ठेवला. जमतील म्हणून धरली होती तीसेक हजार, आली दीड लाखाच्या घरात. मुले झाडांवर चढली, गाड्यांच्या टपांवर नाचली. वर्तमानपत्रांनी मुलांची लाज काढली. समाजशास्त्रज्ञ एद्गार मोरँ यांनी ‘ल मोंद’मध्ये लिहिताना मात्र या पिढीला ‘ये-ये’ हे नाव बहाल केले. त्या रात्री फ्रान्सला कळले की आपल्या देशात तरुण नावाचा एक वेगळा समाज राहतो, आणि त्याची मतदारयादी कोणाकडे असलीच तर ती एका रेडिओ स्टेशनकडे आहे.

पाच वर्षांनी तोच समाज रस्त्यावर आला. मे 1968. दहा तारखेच्या रात्री लॅटिन क्वार्टरमध्ये, गे-ल्युसाक रस्त्यावर, विद्यार्थ्यांनी फरसबंदीचे दगड उपटून अडसर रचले. सरकारी दूरचित्रवाणी जवळजवळ मूग गिळून होती. युरोप वन आणि रेडिओ लक्झेंबर्गचे बातमीदार मात्र रेडिओटेलिफोन बसवलेल्या गाड्या घेऊन थेट गल्लीत होते. रहिवाशांनी खिडक्यांत ट्रान्झिस्टर लावून ठेवले, म्हणजे खालच्या पोरांनाही ऐकू यावे. पोरे ऐकत होती की पोलीस कुठल्या कोपऱ्यावर जमलेत. पोलीसही ऐकत होते की पोरे कुठे आहेत. मंत्री आपापल्या कचेऱ्यांत तेच ऐकत बसले होते, कारण त्यांच्या स्वतःच्या रेडिओवर काही नव्हते. पहाटे दोनच्या सुमारास पोलीस आत घुसले. अश्रुधुराने खोकणारा बातमीदार, मागे फुटणारे नळकांडे, कोणाची तरी किंकाळी, हे सगळे लाखो घरांत जसेच्या तसे पोचले. सकाळी पॅरिस कामावर निघाले तेव्हा त्याने रात्र ऐकलेली होती.

‘रेडिओ बॅरिकेड’ हे नाव त्याच दिवसांतले. सरकारपक्ष म्हणे, ही स्टेशने आग लावतात. 23 मे रोजी टपाल-तार खात्याने बातमीदारांच्या रेडिओटेलिफोनची तरंगवाट काढून घेतली. दोरीचे टोक होते म्हटले ते हेच. मग काय झाले ते पाहण्यासारखे आहे. बातमीदार जिने चढून लोकांच्या घरांत गेले आणि त्यांच्या बैठकीतल्या फोनवरून, खिडकीतून खाली पाहत, बातमी सांगू लागले. फोनही टपाल-तार खात्याचाच, पण तो तोडायचा तर आख्ख्या मोहल्ल्याचा तोडावा लागला असता.

आणि आता याची दुसरी बाजू. 30 मे रोजी दुपारी साडेचारला द गॉल बोलले ते दूरचित्रवाणीवर नाही, रेडिओवर. आदल्या दिवशी ते कोणाला न सांगता जर्मनीत, बाडेन-बाडेनला, सेनापती मास्यू यांच्याकडे जाऊन आले होते. भाषण काही मिनिटांचेच. संध्याकाळी शाँझेलिझेवर त्यांच्या समर्थकांचा लोंढा उतरला आणि मे महिना तिथे संपला. ज्या ट्रान्झिस्टरने अडसर रचणाऱ्यांना वाट दाखवली, त्यानेच राष्ट्राध्यक्षांना वाचवले. म्हणून रेडिओ क्रांतिकारक होता हे म्हणणे जितके पोकळ, तितकेच तो सत्तेची बटीक होता हेही. त्या तीन आठवड्यांत सरकारने भागीदार असूनही स्टेशन बंद का केले नाही? उद्या आपल्यालाही ते लागेल हे त्याला ठाऊक होते. आणि फ्लोआरांनी बातमीदारांना आवरते का घेतले नाही? त्या रात्री सगळा देश त्यांचे स्टेशन ऐकत होता.

इथे माझ्या मांडणीला सगळ्यात मोठा धक्का बसतो, तो टाळून चालणार नाही. ऑक्टोबर 1974. जिस्कार देस्तॅन नुकतेच राष्ट्राध्यक्ष झालेले. मॉरिस सिगेल, म्हणजे युरोप वनच्या बातम्यांचा वीस वर्षांचा कणा, यांना काढले गेले. सरकारचा आक्षेप काय, तर स्टेशनच्या बोलण्यात टवाळी आहे. निर्णय सोफिरादच्या बाजूने आला आणि अंमलात आणला जां-ल्यूक लागार्देर यांनी. हे फ्लोआरांचे उजवे हात, मात्राचेही प्रमुख. मात्राची क्षेपणास्त्रे घेणार कोण? फ्रेंच सरकार. म्हणजे दोन धनी आहेत, दोघांचे पटत नाही, हे माझे म्हणणे या एका प्रसंगात कोसळते. पटत नसले तरी एकाचा दुसऱ्यावाचून धंदा चालत नव्हता, आणि मोठे गिऱ्हाईक नाराज झाले की दुकानदार नोकराकडे पाहतो.

तरी मी हटत नाही, पण जपून बोलतो. सिगेल गेले तेव्हा त्याचा गवगवा झाला, कारण हात कोणाचा ते दिसत होते. एक माणूस गेला, बातम्यांची खोली तीच राहिली, सूर फारसा बदलला नाही. दोन धन्यांच्या घरात नोकराला हाकलायचे तर निदान भांडी वाजतात. एकाच धन्याच्या घरात ती वाजतही नाहीत. हे पुढे दिसले.

पण मधे एक वळसा घेतो, कारण मनोऱ्याची ही युक्ती आपल्याला फ्रेंचांकडून शिकावी लागली नव्हती. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर भारताचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा व्यासंगी, आणि पॅरिसच्या सोर्बोनमध्ये शिकलेला. त्यांना चित्रपटगीतांचा मनस्वी तिटकारा. आकाशवाणीवर गाण्यांचे प्रमाण कापले गेले, निर्मात्यांशी वाद झाला, आणि गाणी जवळजवळ नाहीशीच झाली. मग श्रोते कुठे गेले? सिलोनला. महायुद्धात लष्करासाठी उभारलेले तिथले दणकट प्रक्षेपक आयते पडले होते. ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षी डिसेंबरात सुरू झाली. अमीन सयानी बोलत मुंबईत, फिती विमानाने कोलंबोला जात आणि आवाज समुद्र ओलांडून परत मुंबईत येई. तोंड मुंबईत, घसा कोलंबोत.

आमच्या घरच्या रेडिओच्या काचेवर मामीने नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिलेला होता. शॉर्ट वेव्हवर सिलोन सापडायला वेळ लागे, म्हणून काटा कुठे आणायचा त्याची ही खूण. मामी पुढे वारली, रेडिओ माळ्यावर गेला, ठिपका अजून आहे. लहानपणी मला वाटे, सिलोन हे त्या ठिपक्याचेच नाव. तो एक देश आहे, आणि आपल्याच देशाच्या मंत्र्याला नको असलेली आपलीच गाणी तो देश आपल्याला ऐकवतो, हे फार उशिरा कळले. 1957 च्या ऑक्टोबरात सरकारने विविध भारती काढली ती त्या ठिपक्याशी झुंजायला. सिलोनचे श्रेय म्हणाल तर एवढे: त्याने केसकरांना वादात हरवले नाही, फक्त दुसरे दार उघडे ठेवले.

दार उघडे ठेवण्याचा आणखी एक प्रयोग त्याच 1955 साली, नोव्हेंबरात, आपल्या दाराशी झाला. आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यासाठी पोर्तुगीज आणि कोंकणीत गुप्त प्रक्षेपण चालवले, थेट डिसेंबर 1961 पर्यंत. त्यांनीही सीमेचाच फायदा घेतला. पण तिथे जाहिरातदार नव्हता, शेअर नव्हते, आणि साप-विंचवांखेरीज धनीही नव्हता. ते वेगळ्या जातीचे काम; युरोप वनशी त्याची तुलना केली तर त्या दोघांवर अन्याय होईल.

परत पॅरिसला. 1981 साली मितराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. गच्च्यांवरून चोरून चालणारे छोटे रेडिओ कायदेशीर झाले आणि जुलै 1982 च्या कायद्याने ध्वनिचित्र-संवाद मुक्त असल्याचे जाहीर केले. एफएम सगळ्यांना खुले झाले आणि परीघ उरलाच नाही. मक्तेदारी गेल्यावर तिला बगल देणारा मनोरा कशाला? 1986 मध्ये सरकारने युरोप वनमधला सोफिरादचा वाटा विकला. घेतला कोणी? लागार्देर यांच्याच आशेत या प्रकाशनसमूहाने. सरकार बाहेर पडले, दोरी सुटली, आणि त्या दिवशी कोणाला वाईट वाटल्याचे मला कुठे वाचायला मिळाले नाही. मला मात्र इतिहासातली धोक्याची जागा ती वाटते. घर एका धन्याचे झाले.

लगेच काही बिघडले नाही, हेही सांगायला हवे. किंबहुना ऐंशीच्या दशकात याच स्टेशनने केलेले एक काम फ्रान्स अजून विसरलेला नाही. 26 सप्टेंबर 1985 ला विनोदी नट कोल्यूश आपल्या कार्यक्रमात सहज बोलल्यासारखा बोलला की गरिबांसाठी फुकट जेवण देणारे उपाहारगृह काढायचे का. त्या डिसेंबरात ‘रेस्तो द्यू कर’ सुरू झाले. पुढल्या जूनमध्ये कोल्यूश मोटारसायकलच्या अपघातात गेला. संस्था आजही दर हिवाळ्यात जेवण वाढते. हे आभाळातून पडले नव्हते. पन्नाशीच्या दशकात पिएर बेलमार याच स्टेशनवरून श्रोत्यांना मदतीच्या हाका घालत होते. साठीच्या दशकाच्या शेवटी मनोविश्लेषक फ्रांस्वाज दोल्तो नाव न सांगता ‘डॉक्टर एक्स’ म्हणून मुलांच्या फोनला उत्तरे देत होत्या. श्रोत्याला उठून काही करायला लावायचे ही त्या घराची तीस वर्षांची सवय होती. सवयी मालकांपेक्षा जास्त टिकतात, काही काळ.

मग आले 2021. लागार्देर घराण्याच्या दुसऱ्या पिढीच्या हातून समूह निसटत चालला होता आणि त्यात उद्योगपती व्हँसां बोलोरे यांच्या व्हिव्हेंदी कंपनीचे वजन वाढत होते. बोलोरे यांच्याकडे सीन्यूज ही उजव्या विचारांकडे कललेली वृत्तवाहिनी आधीपासून होती. जूनमध्ये युरोप वनच्या पत्रकारांनी काही दिवस संप केला. मागणी साधी होती: आमचे स्टेशन मतांचे स्टेशन करू नका, आणि ज्याला जायचे त्याला मानाने जाऊ द्या. संप मिटला, डझनावारी पत्रकार निघून गेले. शरद ऋतूत सीन्यूजवरचे कार्यक्रम आणि चेहरे रेडिओवर ऐकू येऊ लागले. 1974 मध्ये सरकारला एक माणूस काढायला एक धनी, एक सरकारी कंपनी आणि देशभरचा बोभाटा लागला होता. इथे सगळी खोली एका उन्हाळ्यात रिकामी झाली आणि कायद्याचा भंग म्हणाल तर कुठेच नाही.

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकावे लागते: श्रोत्याला आवडले नाही तर तो दुसरे स्टेशन लावेल, आता मनोरे शंभर आहेत. खरे आहे. पण शंभर मनोरे आणि शंभर धनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडचेच पाहा. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला. त्यानंतर पुण्यात, नागपुरात, नाशिकात खासगी एफएम आले. रिक्षात बसलो की कोणीतरी उत्साही मुलगा सांगत असतो की कर्वे रस्त्यावर कोंडी आहे, दुसऱ्या वाटेने जा. कोंडी सांगायला त्याला परवानगी आहे. हवामान सांगायला आहे. कोंडी ज्या मोर्चामुळे झाली त्या मोर्चाची बातमी स्वतः गोळा करून सांगायला नाही. बातमी हवी तर आकाशवाणीची जशीच्या तशी लावायची. मनोरे आपल्या भूमीवर, मालक खासगी, जाहिरातदार रांगेत, आणि तरी गे-ल्युसाकची एक रात्र त्यातून निघणार नाही. सरकारने इथे शेअर घेतले नाहीत, त्याने तोंडाचा अर्धा भागच राखून ठेवला.

मग काय हवे, असे विचारले तर माझ्याकडे आदर्श आराखडा नाही. मी एवढेच म्हणतो की कोणत्याही स्टेशनचे स्वातंत्र्य तपासायचे तर मनोरा कुठे आहे, मालक सरकारी की खासगी, हे नंतर विचारावे. आधी विचारावे की माइकसमोरच्या माणसाला उद्या सकाळी काढायचे झाले तर किती जणांचे एकमत व्हावे लागेल. युरोप वनमध्ये तीस वर्षे हा आकडा एकाहून जास्त होता. तो सोयीने, लबाडीने, व्हिशीच्या उरलेल्या एका कंपनीमुळे तसा होता. कोणी तत्त्व म्हणून तसा ठेवला नव्हता. तत्त्व म्हणून ठेवता येईल का, हे फ्रान्सला अजून साधलेले नाही.

31 डिसेंबर 2019 च्या रात्री बेरूसची लाँग वेव्ह बंद झाली. कारण आर्थिक: विजेचे बिल मोठे, लाँग वेव्ह ऐकणारे थोडे. खेड्यांतले काही म्हातारे आणि जुन्या मोटारींतले रेडिओ यांना त्या रात्रीनंतर नुसती खरखर ऐकू आली. दालन मात्र संरक्षित वास्तू आहे, ते पाडणार नाहीत. यंत्रे मुकी आहेत, आत कोणी राहत नाही, आणि काँक्रीटच्या पोटातल्या तारा अजून दोन्ही बाजूंनी तितक्याच जोराने ओढल्या जात आहेत. छत त्यावर उभे आहे.